स्वादुपिंड-प्रत्यारोपण : मधुमेह ‘होता’ असे सांगणारा रुग्ण आणि आपण

गेल्या पावसाळ्यात एक चौतीस वर्षांचा तरुण चिकित्सालयात आला. शरीर कृश, त्वचा रूक्ष, बोलणे मंद. हातात जाडजूड फाईल. ‘थकवा फार येतो, बळ वाढेल असे एखादे रसायन द्या,’ एवढीच त्याची मागणी. नाडी पाहता पाहता नेहमीचा प्रश्न विचारला, ‘मधुमेह आहे का?’ तो म्हणाला, ‘होता.’

मधुमेह ‘होता’ असे सांगणारे रुग्ण आपणा सर्वांकडे येतात. बहुधा औषधाने साखर काबूत आलेली असते आणि रुग्णाने परस्पर स्वतःला बरे घोषित केलेले असते. या तरुणाचे तसे नव्हते. अकराव्या वर्षी त्याला टाइप १ मधुमेह झाला, तिशीच्या आत दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, दीड वर्ष डायलिसिसवर काढले आणि चार वर्षांपूर्वी दक्षिणेतील एका रुग्णालयात एकाच मृत दात्याचे मूत्रपिंड व स्वादुपिंड त्याच्या शरीरात बसविण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच इन्सुलिन बंद झाले, ते आजतागायत बंदच आहे. हे तो सांगत होता तोवर माझ्या लेखणीने गुडूची आणि अश्वगंधा ही दोन नावे कागदावर उतरविलीही होती. तो कागद मी फाडला. का फाडला, हे नीट कळण्यासाठी मलाच बरेच वाचावे लागले. त्या वाचनाचे सार वैद्यबंधू-भगिनींसमोर आणि औषधी-विक्रेत्या मित्रांसमोर ठेवीत आहे.

पूर्वपीठिका

स्ट्रासबुर्ग येथे १८८९ साली मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या प्राण्यास तीव्र मधुमेह झाला. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध त्या प्रयोगाने निर्विवाद झाला. (‘क्लोम’ म्हणजे स्वादुपिंड की नव्हे, हा आपला जुना वाद येथे मुद्दाम टाळतो; त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.) अवयव काढल्याने रोग होतो, तर अवयव घातल्याने तो जावा, हा तर्क सुचायला फार काळ लागला नाही. १८९३च्या डिसेंबरात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मरणासन्न अशा पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे ठेवण्यात आले. मुलगा तीन दिवसांत दगावला. इन्सुलिनचा शोध तेव्हा अठ्ठावीस वर्षे दूर होता.

१९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांचे प्रयोग झाले आणि जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून आयुष्य काही महिन्यांनी लांबविणे, एवढाच उपाय पाश्चात्त्य वैद्यकाच्या हाती होता. इन्सुलिन आले आणि मुले जगू लागली. परंतु जगलेल्या मुलांमध्ये पंधरा-वीस वर्षांनी डोळ्यांचे, नाड्यांचे आणि मूत्रपिंडांचे उपद्रव दिसू लागले. इन्सुलिन प्राण राखते. निरोगी स्वादुपिंड क्षणाक्षणाला साखर पाहून जे करते, ते दिवसातून चार टोचण्यांना साधत नाही. प्रत्यारोपणाचा विचार पुन्हा पुढे आला तो या उपद्रवांमुळे.

१७ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली व रिचर्ड लिलेहाय यांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्या अठ्ठावीस वर्षांच्या मधुमेही स्त्रीवर जगातील पहिले स्वादुपिंड-प्रत्यारोपण केले. सोबत मूत्रपिंडही बसविले. काही दिवस तिला इन्सुलिन लागले नाही; सुमारे दोन महिन्यांनी ती मरण पावली. पुढील दशकभर निष्पत्ती इतकी निराशाजनक होती की, बहुतेक शल्यविदांनी हा मार्ग सोडून दिला. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस ही प्रतिकारशामक औषधे आली, तेव्हा चित्र पालटले. आज जगभरातील अशा शस्त्रक्रियांची नोंदलेली संख्या पन्नास हजारांहून अधिक आहे.

प्रत्यक्ष कर्म

नवे स्वादुपिंड जुन्याच्या जागी बसवीत नाहीत. जुने पाचकरस तयार करीतच असते, त्याला हात लावण्याचे कारण नसते. दात्याचे स्वादुपिंड त्याला चिकटलेल्या ग्रहणीच्या तुकड्यासह काढून बहुधा रुग्णाच्या श्रोणिप्रदेशात उजव्या बाजूस ठेवतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या तेथील मोठ्या वाहिन्यांना जोडतात. सोबतचे मूत्रपिंड डाव्या बाजूस.

अवघड प्रश्न पाचकरसाचा. सबंध अवयवापैकी इन्सुलिन निर्माण करणारी लँगरहॅन्सची बेटे वजनाने शेकडा एक-दोन भरतील; उरलेला सर्व भाग पाचकरस निर्माण करतो, आणि रुग्णाला त्याची मुळीच गरज नसते. हा रस जोडणीतून झिरपला तर आसपासच्या धातूंनाच पचवू लागतो. यासाठी १९८०च्या दशकात तो मूत्राशयात सोडण्याची पद्धत रूढ झाली. लघवीतील अमायलेज मोजून अवयवाची प्रकृतीही समजे. परंतु मूत्राशयाचा दाह, रक्तमूत्रता, शरीरातील क्षार वाहून जाणे, असे त्रास होऊ लागल्याने पुढे बहुतेक केंद्रे रस आतड्यात सोडण्याकडे वळली. पहिल्या काही दिवसांतील सर्वांत मोठे भय नव्या अवयवाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचे. तसे झाल्यास बहुधा तो अवयव काढून टाकावा लागतो.

मूत्रपिंडासह केलेल्या प्रत्यारोपणात, अनुभवी केंद्रांतून, एका वर्षानंतर सुमारे नव्वद टक्के स्वादुपिंडे कार्यरत असतात. पाच वर्षांनंतर चारांपैकी सुमारे तीन. केवळ स्वादुपिंड बसविल्यास निष्पत्ती याहून उणी. एकाच दात्याची दोन्ही पिंडे असली की मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीवरून शरीराचा नकार लवकर ओळखता येतो. एकट्या स्वादुपिंडात रक्तशर्करा वाढेपर्यंत पुष्कळ नाश होऊन गेलेला असतो.

या शस्त्रक्रियेचे एक फळ मला विलक्षण वाटले. मिनेसोटात आठ रुग्णांना केवळ स्वादुपिंड बसविले होते. त्यांची स्वतःची मूत्रपिंडे मधुमेहाने बिघडू लागली होती, परंतु निकामी झाली नव्हती. त्यांच्या मूत्रपिंडाचे सूक्ष्म तुकडे शस्त्रक्रियेपूर्वी, पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी तपासले. पाच वर्षांनी काहीच सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी मात्र विकृती मागे हटलेली दिसली. फिओरेटो व सहकाऱ्यांनी हे १९९८ साली प्रसिद्ध केले. हेतु दूर झाला तर धातूंतील विकृतीही परतू शकते, पण त्यास दहा वर्षांचा काळ लागतो! पंधरा दिवसांत ‘मूत्रपिंड पूर्ववत्’ अशी जाहिरात करणाऱ्या मंडळींनी हा निबंध अवश्य वाचावा.

जुळ्या भावंडांचा धडा

स्वकीय धातू शरीर स्वीकारते, परकीय नाकारते. सुश्रुताचार्यांचे नासासंधान यशस्वी होई, कारण त्वचा रुग्णाच्याच गालाची असे. पुण्याजवळ झालेल्या नासासंधानाचा जो वृत्तान्त ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने लंडनमध्ये छापला, त्यातही कातडे रुग्णाच्याच कपाळाचे होते. मग एकबीज जुळ्या भावंडाचे स्वादुपिंड दिले तर? शरीराच्या दृष्टीने ते स्वकीयच. नकाराचा प्रश्न नाही, म्हणून प्रतिकारशामक औषधांची गरज नाही.

मिनेसोटात सदरलँड यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी असे काही प्रयोग केले. एका जुळ्याच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग त्याच्या मधुमेही भावंडास दिला. अवयव रुजला, साखर सुधारली आणि काही आठवड्यांतच मधुमेह परत आला. तपासणीत दिसले की अवयव जसाच्या तसा होता, पाचकरसाच्या पेशी सुस्थितीत होत्या, बेटांतील इतर पेशीही होत्या. नेमक्या इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी तेवढ्या नष्ट झाल्या होत्या. शरीराने अवयव नाकारला नव्हता. ज्या स्वप्रतिकाराने अनेक वर्षांपूर्वी मूळ पेशी मारल्या, त्यानेच नव्या पेशी शोधून मारल्या होत्या.

टाइप १ मधुमेहाचे मर्म या प्रयोगात आहे. नासलेला अवयव बदलला म्हणून संप्राप्ति मोडत नाही. प्रत्यारोपण टिकते ते रुग्ण आयुष्यभर घेत असलेल्या प्रतिकारशामक औषधांमुळे. ती परकीय अवयवाचा नकार आणि जुना स्वप्रतिकार, दोहोंनाही दाबून धरतात. म्हणजे रुग्ण इन्सुलिनमधून सुटतो आणि टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, बहुधा स्टिरॉइड, यांच्या हाती जातो. त्यांचे मोल जंतुसंसर्ग, काही प्रकारचे कर्करोग आणि टॅक्रोलिमसने मूत्रपिंडास होणारी इजा, अशा रूपांत मोजावे लागते. गंमत अशी की टॅक्रोलिमस स्वतःही रक्तशर्करा वाढवू शकते.

‘नुकताच मधुमेह झालेल्या माझ्या आठ वर्षांच्या मुलाचे स्वादुपिंड बदलून टाकता येईल का?’ असे पालक विचारतात, तेव्हा उत्तर ‘नाही’ असे का, हे यावरून कळेल. ज्या मुलाची मूत्रपिंडे शाबूत आहेत आणि इन्सुलिनवर जे शाळेत जाते, खेळते, त्याला हे विष देणे न्याय्य नाही. हे कर्म मुख्यतः दोघांसाठी. ज्याला मूत्रपिंड बदलावेच लागणार आहे आणि त्यापायी ती औषधे घ्यावीच लागणार आहेत तो एक. दुसरा, ज्याची साखर वारंवार एकाएकी उतरते आणि घाम, कंप, भूक अशी पूर्वसूचना न मिळताच जो बेशुद्ध पडतो. सतत शर्करा मोजणारी उपकरणे आणि स्वयंचलित इन्सुलिन-पंप आल्यापासून या दुसऱ्या गटातील गरजही घटली आहे. अमेरिकेत २००४ साली सुमारे दीड हजार स्वादुपिंडे बसविली गेली, दशकभरानंतर हा आकडा हजाराच्या खाली उतरला. भारतात चंडीगढ, चेन्नई, कोची अशा मोजक्या ठिकाणी हे कर्म होते. महाराष्ट्र व गोव्यात अवयव-प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा ४ फेब्रुवारी १९९५पासून लागू आहे. मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होते. रुग्णालयाच्या द्वारे त्यांच्या यादीत नाव नोंदवावे लागते. इतर मार्ग सांगणाऱ्या दलालापासून रुग्णाला सावध करणे आपले काम आहे.

अवयवाऐवजी केवळ बेटे वेगळी करून यकृताच्या प्रतिहारिणी शिरेत सोडण्याचा मार्गही आहे. कॅनडातील एडमंटन येथे शापिरो यांनी २००० साली सात रुग्णांत सलग यश मिळविले आणि जगभर आशा पल्लवित झाली. २००६ साली अनेक केंद्रांचा एकत्रित अनुभव आला : ३६ पैकी १६ रुग्ण वर्षानंतर इन्सुलिनमुक्त, आणि त्या १६ पैकी दोन वर्षांनी केवळ ५. अलीकडे मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या बेटांचा प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जण वर्षानंतर इन्सुलिनविना होते. दात्याची वाट पाहणे यात संपते. प्रतिकारशामक औषधे मात्र तेथेही सुटलेली नाहीत.

आपल्या पुढील प्रश्न

चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे दोन प्रकारचे रुग्ण वर्णिले आहेत. एक स्थूल, बहुभोजी, अपथ्यनिमित्त, शोधनास योग्य. दुसरा कृश, रूक्ष, अल्पभोजी, पिपासार्त. सुश्रुतांच्या मते सहज. कृशास बृंहण द्यावे, कर्षण करू नये, असा चरकांचा स्पष्ट निर्देश आहे आणि बीजदोषजन्य प्रमेह त्यांनी असाध्य म्हटला आहे. हे वर्णन वाचून ‘सहज प्रमेह म्हणजेच टाइप १’ असे समीकरण आपल्या परिसंवादांत सर्रास मांडले जाते. मला ते घाईचे वाटते. टाइप १ झालेल्या बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांना हा रोग नसतो, आणि स्वप्रतिकाराची कल्पना संहितांत शोधणे म्हणजे आपलेच म्हणणे आचार्यांच्या मुखी घालणे. परंतु समीकरण मान्य असो वा नसो, व्यवहारात एक गोष्ट ठरून जाते. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याचे इन्सुलिन थांबविण्याचा अधिकार कोणत्याही क्वाथास वा भस्मास नाही. ते थांबले की काही दिवसांतच, कधी चोवीस तासांत, रक्तात आम्ल साचून रुग्ण मूर्च्छित होतो. वांती, पोटदुखी, दीर्घ श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, ही लक्षणे दिसली तर औषधयोजनेचा विचार न करता त्याला रुग्णालयात पाठवावे.

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची गोष्ट याहून अवघड. तो आपल्याकडे ‘प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी’ येतो, आणि त्याचा अवयव टिकून असतो तो ती शक्ती दाबून ठेवल्यामुळे. गुडूची, अश्वगंधा ही ज्या गुणांसाठी आपण वानतो, त्याच गुणांमुळे येथे शंकास्पद ठरतात. गुडूचीच्या सेवनानंतर स्वप्रतिकारजन्य यकृतदाहासारखे चित्र दिसलेल्या रुग्णांचा वृत्तान्त मुंबईतून २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद येथे सोडवायचा नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत वाद घालता येईल. उसन्या अवयवावर जगणाऱ्याच्या बाबतीत संशयाचा फायदा अवयवाला द्यावा, असे माझे मत आहे.

दुसरा धोका औषधांच्या पचनाचा. टॅक्रोलिमसची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. सकाळच्या गोळीपूर्वी रक्त काढून तिची पातळी मोजतात व त्यानुसार मात्रा ठरवितात. यकृत व आतड्यातील ज्या एन्झाइमांनी ती पचते, त्यांचे कार्य अनेक वनस्पती मंद करतात. पिंपळी व मिरे यांतील पायपरीन त्यांपैकी एक. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातील पातळी त्याने वाढते, हे भारतीय संशोधकांनीच दाखविले आहे. त्रिकटूचे योगवाहित्व म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते येथे संकट होऊन बसते. चकोत्रा व पपनस ही फळेही टॅक्रोलिमस वाढवितात. भरपूर हळद खाल्ल्यावर टॅक्रोलिमसची पातळी वाढून मूत्रपिंडास इजा झालेल्या एका यकृत-प्रत्यारोपित रुग्णाचा वृत्तान्त २०१७ साली आला आहे. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीचे भय बाळगण्याचे कारण नाही; चमच्या-चमच्याने घेतलेल्या चूर्णाचे आणि कॅप्सूलचे आहे.

शोधनकर्माबद्दल तर स्पष्टच लिहितो. अशा रुग्णास वमन, विरेचन देऊ नये. वमनाने गोळी बाहेर पडते. अतिसारात टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढते. त्यात शरीरातील जलांश घटला की नवे मूत्रपिंड प्रथम बळी पडते. आपण दिलेल्या विरेचनाचा ‘सम्यक् योग’ त्या मूत्रपिंडाच्या दृष्टीने अतियोगच ठरण्याचा संभव मोठा.

औषधी-विक्रेत्यांना एक विनंती. ‘इम्युनिटी’ शब्द छापलेले काढे, चूर्णे, अवलेह आपल्याकडे कोणीही चिठ्ठीविना घेऊन जातो. देताना ‘कोणता अवयव बदललेला आहे का? रोज वेळेवर घ्यावीच लागणारी गोळी चालू आहे का?’ हे दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरते.

हे सुचले त्याचे कारण तोच तरुण. मी फाईल मागितली, तेव्हा शेवटच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले आणि टॅक्रोलिमसची पातळी नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होती. आणखी काय घेता, असे विचारल्यावर तो आधी ‘काही नाही’ म्हणाला. सोबत आलेल्या त्याच्या आईने पिशवीतून एक डबा काढला. ‘औषध नाही हो डॉक्टर, साधा काढा आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानातून आणते, सगळेच घेतात.’ वेष्टनावर पिंपळी, मिरे, सुंठ, हळद, गुळवेल. दीड महिना दोन वेळा चालू होता. कोणाही डॉक्टरांना तिने सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

मी त्याच्या प्रत्यारोपण-तज्ज्ञांना तिथूनच दूरध्वनी केला. काढा त्याच दिवशी बंद केला, टॅक्रोलिमसच्या मात्रेचा निर्णय त्यांनी घेतला. पंधरवड्याने पातळी पूर्वीच्या जागी आली, क्रिएटिनिनही उतरले. दोष त्या काढ्याचाच होता, असे एका रुग्णावरून सिद्ध होत नाही. मात्राही त्याच वेळी कमी केली होती. थकव्याचे मूळ रक्ताल्पतेत निघाले आणि त्यावरचे उपचार त्यांनीच सुरू केले.

माझ्याकडून त्याला काय दिले? मुगाचे कढण, लाजामंड, ताजा शिजवलेला आहार, दिनचर्या, जेवणाच्या वेळा, आणि शस्त्रक्रियेच्या व्रणापासून दूर, पायांना व पाठीला तीळतेलाचा हलका अभ्यंग. पोटात घेण्याचे एकही औषध दिले नाही. आई थोडी नाराज दिसली. इतक्या दूरून येऊन पुडीसुद्धा नाही! त्यांच्याकडून तपासणी-शुल्क घेताना मलाही क्षणभर अवघडल्यासारखे झाले. दर महिन्याच्या रक्तचाचणीचा कागद तो आता मलाही दाखवितो, आणि घरात नवे काही आणले की त्याची आई आधी दूरध्वनी करून विचारते. मागच्या आठवड्यात आवळ्याच्या मुरंब्याबद्दल विचारले होते.